वाचक विचारतात : सिम्फनी काय फक्त गोऱ्यांनीच लिहिल्या?

गेल्या अंकात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांसाठी आपण चार नावं दिली होती, बाख, मोझार्ट, बीथोव्हन आणि चायकोव्हस्की. त्यावर जी पत्रं न व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले त्यातले बरेचसे फिरून एकाच मुद्द्यावर येत होते, की सिम्फनी, म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीच्या लांबलचक रचना, काय फक्त गोऱ्यांनीच लिहिल्या, म्हणून ह्या खेपेचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. नेहमीप्रमाणं नावं छापली नाहीत, गाव तेवढं दिलंय.

प्रश्न : ताई, तुम्ही दिलेली चारही नावं आमच्या पोरीला ऐकवली. नववीला आहे ती. म्हणाली, पप्पा, हे चारही गोरेच की, काळ्या लोकांचं म्हणजे काय नुसतं जॅझ न रॅप एवढंच का? मला उत्तर देता आलं नाही. खरंच कुणी नव्हतं का?
(हायस्कूल शिक्षक, परभणी)

सर, होते की. आणि कोपऱ्यात बसून लिहिणारे नव्हते, भर पॅरिसात राजाराणीच्या डोळ्यासमोर होते. पोरीला पहिलं नाव सांगा जोसेफ बोलोनचं, लोक त्याला शव्हालिए द सँ-जॉर्ज म्हणून ओळखतात. जन्म 1745 चा, कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावरचा, तेव्हा ते बेट फ्रेंचांच्या ताब्यात होतं. बाप गोरा मळेवाला, आई त्याच घरातली गुलाम बाई, नॅनों नावाची. अशी कितीतरी लेकरं तिथं जन्मत होती आणि बापाच्याच मळ्यात राबत होती, ह्याच्या बापानं मात्र ह्याला फ्रान्सला नेलं, शिकवलं, तलवारबाजीला घातलं. शिकत असतानाच ह्यानं रूआँ शहरातल्या एका नावाजलेल्या मास्तराला हरवलं, त्या मास्तरानं ह्याच्या रंगावरून टिंगल केली होती म्हणून. व्हायोलिन तर असं वाजवायचा की 1773 साली पॅरिसातल्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राचा तो मुख्य झाला, आणि फ्रान्समध्ये स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तारवाद्यांसाठीची रचना, लिहिणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याचं नाव येतं.

1776 साली पॅरिस ऑपेराच्या, म्हणजे गाण्यातून नाटक करणाऱ्या तिथल्या मोठ्या संस्थेच्या, संचालकपदासाठी त्याचं नाव पुढं आलं. लगेच तिथल्या तीन नामांकित बायका, दोन गायिका न एक नर्तकी, राणीकडं अर्ज घेऊन गेल्या, की एका मुलाटोचे, म्हणजे मिश्र रक्ताच्या माणसाचे, हुकूम ऐकायला आमची अब्रू तयार नाही. झालं, पद गेलं. गडी रडत बसला नाही, पुढं दुसऱ्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख झाला, आणि हायडन ह्या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या ज्या सहा ‘पॅरिस सिम्फनी’ आज जगभर वाजतात त्या ह्याच ऑर्केस्ट्रासाठी मागवलेल्या होत्या. नंतर राज्यक्रांतीत काळ्या सैनिकांच्या पलटणीचा कर्नल झाला, त्याच क्रांतिवाल्यांनी त्याला तुरुंगातही टाकलं, 1799 ला वारला. तीनच वर्षांनी नेपोलियननं वसाहतींमध्ये गुलामी परत चालू केली.

सगळीकडं त्याला ‘काळा मोझार्ट’ म्हणायलेत, मला ते अजिबात आवडत नाही. हा मोझार्टपेक्षा अकरा वर्षांनी मोठा, आणि 1778 साली मोझार्ट पॅरिसात काम शोधत फिरत होता तेव्हा हा तिथं आधीच नाव कमावून बसलेला. आता त्याचं सगळंच मोझार्टच्या तोडीचं आहे असं मी म्हणणार नाही, काही ठिकाणी चाल गोड असते पण तिथंच घोटाळत बसते. व्हायोलिन कन्सर्टोंमधले, म्हणजे एक व्हायोलिन पुढं न ऑर्केस्ट्रा साथीला अशा रचनांमधले, संथ भाग मात्र पोरीला नक्की ऐकवा, व्हायोलिन पार वरच्या टोकाला जाऊन गातं तिथं.

प्रश्न : मॅडम एका रीलमध्ये बघितलं की बीथोव्हन स्वतःच काळा होता आणि इंग्रजांनी लपवलं. खरंय का? हॉस्टेलवर लई वाद चाललाय.
(नीटचा विद्यार्थी, लातूर)

बाळा, इंग्रजांचा काय संबंध तिथं, तो जर्मनीतल्या बॉनचा. आणि नाही, काळा नव्हता. त्याचा आजोबा आजच्या बेल्जियममधल्या मेखेलेनहून आलेला, घराणं फ्लेमिश. 2023 साली बीथोव्हनच्या जपून ठेवलेल्या केसांच्या डीएनएचा अभ्यास छापून आला, त्यातही वंश युरोपीयच निघाला. तो सावळा दिसायचा असं ओळखीच्या लोकांनी लिहून ठेवलंय, त्यावरून हे सगळं उठलंय.

पण रील बनवणाऱ्यानं जरा कष्ट घेतले असते तर बीथोव्हनच्याच चरित्रात एक खराखुरा काळा वादक त्याला सापडला असता. जॉर्ज ब्रिजटॉवर. जन्म 1778, पोलंडातलं गाव, बाप आफ्रिकन वंशाचा आणि एस्टरहाझी ह्या बड्या सरदाराच्या चाकरीत, पोरगं दहा-अकरा वर्षांचं असताना पॅरिसात सोलो व्हायोलिन वाजवून मोकळं, मग इंग्लंडच्या युवराजानं त्याला आपल्याकडं घेतलं.

1803 च्या वसंतात हा व्हिएन्नाला गेला, बीथोव्हनशी गट्टी जमली, आणि दोघांनी मिळून कार्यक्रम ठरवला 24 मेला, सकाळी आठ वाजता, आउगार्टन बागेत. आठ वाजता म्हणजे बघ. आणि त्यात वाजवायचा नवा सोनाटा, म्हणजे व्हायोलिन न पियानोची रचना, काय पूर्ण झालेला नाही! बीथोव्हननं पहाटे साडेचारला आपल्या चेल्याला, रीसला, झोपेतून उठवलं आणि पहिल्या भागाची व्हायोलिनची पानं फटाफट उतरवून काढ म्हणाला. दुसऱ्या भागाची पानं उतरवायला वेळच उरला नाही, तो ब्रिजटॉवरनं बीथोव्हनच्या कच्च्या हस्तलिखितातून बघून वाजवला, ओल्या शाईतून म्हण ना, आणि बीथोव्हनचं अक्षर कसलं होतं हे ज्यांनी फोटो बघितलाय त्यांना माहिती आहे. पहिल्या भागात एका ठिकाणी पियानोची एक लांब धाव आहे, ती संपल्यावर ब्रिजटॉवरनं तीच धाव व्हायोलिनवर मनानंच घेतली, कागदावर नव्हतीच ती. बीथोव्हन पियानो सोडून उठला, त्याला मिठी मारली आणि म्हणाला, परत एकदा, मित्रा! हे ब्रिजटॉवरनंच सांगितलेलं आहे.

सोनाट्यावर आधी नावही ब्रिजटॉवरचंच होतं, चेष्टेतलं का होईना. मग दोघांचं भांडण झालं, ब्रिजटॉवरच्या म्हणण्यानुसार एका पोरीवरून, आणि 1805 साली छापताना बीथोव्हननं ते फ्रेंच वादक क्रॉइट्झरला अर्पण केलं. क्रॉइट्झरनं ते जाहीर कार्यक्रमात कधी वाजवलंच नाही. तरी आज सगळं जग त्याला ‘क्रॉइट्झर सोनाटा’ म्हणतं. ब्रिजटॉवर 1860 ला लंडनच्या पेकहॅम भागात वारला. बीथोव्हननं त्याला दिलेला ट्युनिंग फोर्क, म्हणजे सूर जुळवायचा काटा, ब्रिटिश लायब्ररीत आहे, हे हॉस्टेलच्या ग्रुपवर टाक.

प्रश्न : बायकांपैकी कुणी होतं का? मी स्वतः विशारद आहे, लग्नानंतर पेटी माळ्यावर गेली ती गेलीच, म्हणून विचारायले.
(गृहिणी, नांदेड)

ताई, पेटी आधी खाली काढा, भाता कडक झाला असंल. मग फ्लोरेन्स प्राइस ऐका.

जन्म 1887, अमेरिकेच्या दक्षिणेत, आर्कान्सातल्या लिटल रॉकमध्ये. बाप दातांचा डॉक्टर, आई पियानो शिकवायची. बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी ह्या संगीतशाळेत शिकायला पाठवली तेव्हा आईनं सांगितलं, गाव विचारलं तर मेक्सिकोतलं लिही, म्हणजे काळी म्हणून त्रास कमी होईल. 1906 ला शिकून बाहेर पडल्या. लग्न, लेकरं, गावात काळ्या लोकांना जिवे मारायचे प्रकार वाढले म्हणून 1927 मध्ये घर उचलून शिकागो, तिथं घटस्फोट, मग पोट भरायला मूकपटांच्या थेटरात ऑर्गन वाजवणं, शिकवण्या, जाहिरातींच्या चाली. 1931 च्या सुरुवातीला पाय मोडला आणि घरी बसायची वेळ आली, तेव्हा त्यांनी एका पत्रात लिहिलंय की सिम्फनी लिहायला निवांत दिवस मिळाले, पुन्हा पाय मोडायचं भाग्य कधी येईल कोण जाणे. हे वाचून आपल्यापैकी किती जणी हसतील आणि किती जणी हसणार नाहीत!

ती सिम्फनी 15 जून 1933 ला शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रानं वाजवली. मोठ्या अमेरिकन ऑर्केस्ट्रानं काळ्या बाईची सिम्फनी वाजवायची ही पहिलीच वेळ. वाटलं असंल आता दार उघडलं, पण कसचं काय. 1943 साली बोस्टन ऑर्केस्ट्राच्या कुसेवित्स्की साहेबांना त्यांनी पत्र लिहिलं, सुरुवातीलाच, की माझ्यापुढं दोन अडचणी आहेत, मी बाई आहे आणि माझ्या अंगात काळ्यांचं रक्त आहे, तरी माझं संगीत बघून निकाल द्या. त्या ऑर्केस्ट्रानं त्यांचं काही त्या हयात असेपर्यंत वाजवलं नाही. 1953 ला त्या गेल्या.

2009 साली इलिनॉयमधल्या सेंट अ‍ॅन गावात एक पडकं घर दुरुस्तीला काढलं, छताला भोक पडलेलं, आत झाड घुसलेलं, सामान उचकटून टाकलेलं, आणि एका कोरड्या राहिलेल्या कोपऱ्यात कागदांचे गठ्ठे. ते प्राइसबाईंचं उन्हाळ्यात राहायचं घर होतं. गठ्ठ्यात दोन व्हायोलिन कन्सर्टो, चौथी सिम्फनी आणि आणखी बरंच. पाऊस तेवढा त्या कोपऱ्यात गेला असता तर आज आपल्याकडं हे नसतं. 2022 मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या त्यांच्या पहिल्या आणि तिसऱ्या सिम्फनीच्या रेकॉर्डिंगला ग्रॅमी मिळालं.

पहिल्या सिम्फनीचा पहिला भाग मला जरा लांबलेला वाटतो, तिथं कंटाळून बंद करू नका, सरळ तिसऱ्या भागावर जा, ‘जूबा डान्स’. गुलामांना बऱ्याच ठिकाणी ढोल वाजवायला बंदी होती, ढोलावरून निरोप जातात आणि बंड होतं अशी मालकांना धास्ती, तर ही माणसं स्वतःच्या अंगावरच ताल धरायची, टाळी, मांडी, छाती, जमिनीवर पाय. तोच नाच बाईंनी सिम्फनीत आणलाय, आफ्रिकन ढोल आहेत, मध्येच एक शिट्टी वाजते. बसल्या जागी पाय हलला नाही तर मला कळवा.

प्रश्न : न्यू वर्ल्ड सिम्फनीतली ती शांत धून गुलामांचं गाणं आहे म्हणतात, बरोबर का?
(बँक कर्मचारी, हिंगोली)

उलटं आहे साहेब. धून ही सिम्फनी लिहिणाऱ्या द्वोर्झाक ह्या चेक संगीतकाराची स्वतःची, 1893 ची, तिच्यावर ‘गोइंग होम’ हे शब्द त्याच्याच एका शिष्यानं 1922 साली बसवले आणि लोकांना वाटलं जुनं गाणंच आहे. पण ती धून तशी का वाटते त्याला कारण आहे. द्वोर्झाक न्यूयॉर्कच्या कॉन्झर्व्हेटरीचा संचालक असताना तिथं हॅरी बर्ली नावाचा काळा विद्यार्थी होता, त्याच्या आजोबानं गुलामीत काढलेले दिवस, ती गाणी ह्याच्या तोंडात बसलेली, तो द्वोर्झाकला घरी जाऊन ती म्हणून दाखवायचा. द्वोर्झाकनं पेपरात सांगून टाकलं की अमेरिकेचं पुढचं संगीत ह्याच गाण्यांवर उभं राहील. गोऱ्या संगीतकारांना ते काही फार रुचलं नाही. त्याच जुन्या गाण्यांतलं, बर्लीनं मांडणी केलेलं ‘डीप रिव्हर’ ऐका.

प्रश्न : मी पंचवीस वर्षं गाणं शिकवते. काळ्या गायकांचा आवाज जात्याच वेगळा असतो, जाड आणि भरीव, असं ऐकलंय. तुमचं मत?
(संगीत शिक्षिका, अंबाजोगाई)

बाई, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त गळे ऐकलेत, तरी सांगते. मॅरियन अँडरसन, लिओंटिन प्राइस आणि जेसी नॉर्मन ह्या तिघींना एकापाठोपाठ लावा. पहिली कॉन्ट्राल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातली सगळ्यात खालची जात, खाली उतरते तेव्हा अंधार पडल्यासारखं वाटतं. दुसरी व्हर्डीच्या ऑपेरांची सोप्रानो, म्हणजे सगळ्यात वरची जात, वर जाताना आवाज चमकत जातो. तिसरीनं गायलेले स्ट्राउस आणि वाग्नर हे जर्मन संगीतकार म्हणजे नुसता विस्तार. तिघींत सारखं काय, तर तिघींची सुरुवात चर्चच्या कॉयरमधून, म्हणजे समूहगानातून. लहानपणापासून दर रविवारी पोटातून गायची सवय, त्याचा परिणाम गळ्यावर होणारच, ते जन्मानं येत नाही.

अँडरसनबाईंची गोष्ट मात्र विद्यार्थिनींना सांगा. फिलाडेल्फियातल्या गरीब घरच्या. संगीतशाळेत प्रवेशासाठी रांगेत उभ्या राहिल्या तर खिडकीवरच्या पोरीनं त्यांना सोडून मागच्यांची कामं केली आणि शेवटी सांगितलं, आम्ही काळ्यांना घेत नाही. पुढं युरोप गाजवला, नावाजलेला कंडक्टर तोस्कानिनी म्हणाला असा आवाज शंभर वर्षांत एकदा ऐकायला मिळतो. परत मायदेशी आल्या तर 1939 साली वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलनं कार्यक्रमाला जागा नाकारली, हॉल डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन ह्या बायकांच्या संस्थेचा. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्या संस्थेचा राजीनामा दिला. मग 9 एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर कार्यक्रम झाला. गार वारं, बाई फरचा कोट घालून, समोर मायक्रोफोनची रांग आणि पुढं 75,000 माणसं, काळी गोरी एकत्र. रेडिओवर ऐकणारे लाखोंनी. देशभक्तीपर गाण्यानं सुरुवात, मग शूबर्ट, आणि शेवटाकडं जी स्पिरिच्युअल, म्हणजे काळ्या गुलामांची भक्तिगीतं, घेतली त्यातल्या एकाची मांडणी वरच्या उत्तरातल्या फ्लोरेन्स प्राइस यांची होती. त्याची चित्रफीत मिळते, गाणं सुरू करण्याआधी त्या डोळे मिटतात तिथं बघा.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात, लोक तिला मेट म्हणतात, त्यांना गायला मिळालं 1955 साली. वय 57. सगळे म्हणतात केवढा सन्मान, मला तर रागच येतो, गळा भरात होता ती वीस वर्षं कुठं होता हा सन्मान? 1957 च्या आशिया दौऱ्यात त्या भारतातही येऊन गायल्या. लिओंटिन प्राइस मेटमध्ये आल्या 1961 ला, तेव्हा टाळ्या चाळीसेक मिनिटं चालल्या. हे असं लगेच झालं नाही, आधी एक जण दार ठोठावून ठोठावून थकलेली होती.

पॉल रोबसन ह्या काळ्या अमेरिकन गायकाचं नाव तुमच्या ओळखीचं असंल, नसलं तरी त्याच्या नदीच्या गाण्यावरून भूपेन हजारिकांना जे सुचलं ते ‘गंगा बहती हो क्यों’ तुम्ही नक्की ऐकलंय.

प्रश्न : आमचं शहर मलिक अंबरनं वसवलं, तो हबशी. मग आपल्याकडच्या ह्या लोकांचा न पाश्चात्त्य संगीताचा काही धागा?
(रिक्षाचालक आणि इतिहासाचा वेडा, छत्रपती संभाजीनगर)

भाऊ, सरळ धागा नाही, ओढून ताणून जोडायला मला आवडणार नाही. इथिओपियातून गुलाम म्हणून विकत विकत आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, 1610 मध्ये खडकी वसवली, नहरीचं पाणी शहरात आणलं, 1626 ला गेला, खुलताबादला त्याची कबर आहे, हे तुम्हाला मी काय सांगणार. आपल्या देशातल्या सिद्दींचं संगीत बघायचं तर गुजरातच्या सिद्दींचा ‘धमाल’ हा नाच-गाण्याचा प्रकार बघा, त्यांच्याकडं मलुंगा नावाचं एक तारेचं धनुष्यासारखं वाद्य आहे, ते आफ्रिकेतून आलेलं.

पण तुमच्या प्रश्नावरून एक गोष्ट डोक्यात आली ती सांगते. दख्खनमध्ये सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात विकला गेलेला हबशी राज्य चालवू शकत होता, सरदार त्याचे हुकूम पाळत होते. आणि त्यानंतर दीडशे वर्षांनी, ज्ञानाचा उजेड पडला म्हणणाऱ्या पॅरिसात, सँ-जॉर्जला एक ऑपेराचं थेटर चालवायला मिळालं नाही. आपल्याकडं सगळं गोड होतं असं नाही बरं का, गुलामांचा बाजार इथंही होताच, आणि जातीचं तर बोलायलाच नको.

प्रश्न : संगीताला रंग नसतो न जात नसते. चांगलं वाजवणारा वर येतोच. तुम्ही कशाला हे काळं-गोरं काढायलाव?
(निवृत्त अधिकारी, धाराशिव)

काका, रंग मी काढला नाही, हॉलच्या दारावर काढला होता. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक 1842 ला सुरू झालं, पहिला कायमचा काळा वादक, व्हायोलिनवाला सॅनफर्ड अ‍ॅलन, आत आला 1962 ला. म्हणजे 120 वर्षं. एवढ्या वर्षांत न्यूयॉर्क शहरात चांगला वाजवणारा काळा माणूस एकही जन्मला नाही असं तुम्हाला म्हणायचं असंल तर माझं बोलणंच खुंटलं. 1969 साली दोन काळ्या वादकांनी ह्याच ऑर्केस्ट्राविरुद्ध शहराच्या मानवी हक्क आयोगाकडं तक्रार केली होती.

तुमचंच म्हणणं लोकांनी करून बघितलं की. बऱ्याच ऑर्केस्ट्रांनी 1970 नंतर परीक्षेला पडदा लावायला सुरुवात केली. वाजवणारा पडद्याआड, परीक्षक इकडं, नाव नाही, नंबर फक्त, काही ठिकाणी तर चालताना टाचांचा आवाज येऊन बाई आहे हे कळू नये म्हणून गालिचा अंथरतात. ह्यानं बायकांची संख्या बरीच वाढली. काळ्या वादकांची मात्र अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रात अजूनही दोन टक्क्यांच्या आसपासच घुटमळते. का? कारण पडद्यापर्यंत पोचायला पाचव्या-सहाव्या वर्षी मास्तर लागतो, लाखाच्या घरातलं वाद्य लागतं, विमानाचं तिकीट काढून गावोगाव परीक्षा द्याव्या लागतात, आणि तुझं हे काम नाही असं सांगणारं कुणी आजूबाजूला नसावं लागतं. पडदा फक्त शेवटची दहा मिनिटं झाकतो.

आणि जात नसते म्हणता, तर आपल्या गावात हलगी कोण वाजवतं, संबळ कोण वाजवतं, वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट कुणाच्या तोंडाला असतं आणि दिवाळी पहाटला स्टेजवर कोण बसतं, तेवढं एकदा बघा. क्लॅरिनेटवरून आठवलं, 2014 पासून न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा मुख्य क्लॅरिनेटवादक अँथनी मॅकगिल आहे, त्या ऑर्केस्ट्रात एखाद्या वाद्याचा प्रमुख झालेला पहिला काळा माणूस. वाजवतो इतकं मऊ की वरातीतलं तेच वाद्य आहे यावर विश्वास बसत नाही. मेट ऑपेरा 1883 ची, तिथं काळ्या संगीतकाराचा पहिला ऑपेरा झाला 2021 मध्ये, टेरेन्स ब्लँचर्डचा. लंडनला 2015 मध्ये डबल बेस वाजवणाऱ्या ची-ची न्वानोकू बाईंनी चिनेके नावाचा ऑर्केस्ट्राच काढला, बहुतेक वादक काळे आणि इतर बिगरगोऱ्या वंशांचे, आणि 2016 साली बीबीसीची तरुण वादकांची स्पर्धा शेकू कॅने-मेसन ह्या चेलोवाल्या पोरानं जिंकली. ती स्पर्धा जिंकणारा तो पहिला काळा वादक, दोन वर्षांनी इंग्लंडच्या राजघराण्यातल्या लग्नात वाजवलं त्यानं. वर येतात काका, पण आपोआप नाही.

प्रश्न : ताई जयभीम. मी भीमगीतं लिहितो, चालीपण लावतो. एका रेकॉर्डिंगवाल्यानं एकदाच पैसे देऊन कागदावर सही घेतली, आता गाणं यूट्यूबवर लाखोनी चाललंय आणि मला रुपया नाही. तुमच्या विषयाशी संबंध नाही पण विचारलं.
(गीतकार, बीड जिल्हा)

जयभीम दादा. संबंध नाही कसा, चांगला आहे.

सॅम्युएल कोलरिज-टेलर, जन्म लंडन 1875, बाप सिएरा लिओनचा डॉक्टर, आई इंग्रज, वाढला क्रॉयडनमध्ये आईच्या माहेरी. 1898 साली, तेवीस वर्षांचा असताना, त्यानं ‘हायावाथाज वेडिंग फीस्ट’ नावाची मोठी रचना केली, कॉयर आणि ऑर्केस्ट्राची. ती प्रकाशकाला विकली 15 गिनींना (गिनी म्हणजे तिकडचं जुनं चलन), सगळे हक्क, एकदाच. पुढं त्याच्या लाखो प्रती खपल्या, इंग्लंडातल्या गावागावातल्या कॉयर ते गात होत्या. ह्याला काय, तर ते 15 गिनी. मग शिकवण्या, परीक्षा घेणं, स्पर्धांना परीक्षक म्हणून रेल्वेनं फिरणं, नुसती दगदग. 1912 मध्ये वेस्ट क्रॉयडन स्टेशनवर कोसळला, थोड्याच दिवसांत न्यूमोनियानं गेला, वय 37. लोक हळहळले, आणि लिहिणाऱ्याला प्रत्येक कार्यक्रमामागं पैसे मिळाले पाहिजेत ही मागणी जी जोर धरत होती तिला ह्या मरणानं आणखी धार आली, 1914 ला तिकडं त्यासाठी संस्था निघाली, परफॉर्मिंग राइट सोसायटी.

आता तुमचं. आपल्याकडं 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार गाण्याचे शब्द लिहिणारा आणि चाल लावणारा यांनी हक्क विकले तरी रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा त्यांचाच राहतो, तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाला देऊन टाकता येत नाही, तसं लिहून घेतलं तरी ते चालत नाही. दुसरं, हक्क दिल्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. किती वर्षांसाठी ते त्यात लिहिलं नसंल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसंल तर भारतापुरतं. म्हणून त्या कागदाची प्रत आधी मिळवा, नसंल दिली तर लेखी मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर मागितलं तरी पुरावा राहतो. सही 2012 च्या आधीची का नंतरची ते बघा, त्यानं फरक पडतो. आणि इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घ्या, 1969 पासूनची संस्था आहे, फॉर्म ऑनलाइन भरता येतो, त्यात तुमच्या प्रत्येक गाण्याची नोंद स्वतः करायची, शब्द कुणाचे न चाल कुणाची हे वेगवेगळं लिहून. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, तिथं करार वाचून घ्यायला वकील मिळतो, उत्पन्न कमी असंल तर फुकट.